बॉनेट काढलेलं मशीन

१२ मार्च
स्नोमोबाईल घेतली, बर्फावर पळणारी मोटरगाडी. गाव सोडून निघालेल्या नर्सबाईंची, अकरा वर्षं वापरलेली. इंजिन खोकतं, पण जिद्दी आहे. गुडघा गेल्यापासून बाबा दोन वर्षं तळ्यावर मासे धरायला गेलेले नाहीत. कुणाला ‘मला ने’ म्हणणार नाहीत. ईस्टरला मी नेणार, स्वतः चालवत. त्यांना सांगितलं. त्यांनी भुवया उंचावल्या, म्हणजे हो.

१५ मार्च
सुरू होत नाही. सिलासी काका म्हणाले, प्लग बदल आणि गप्प बस. वरवरचा उपाय. घरातली पहिली पदवीधर मी, मुळापासून जाणार. मॅन्युअल १९४ पानी.

१७ मार्च
बॉनेट काढलं. पट्टा, कार्ब्युरेटर, स्टार्टरची दोरी सुटी करून दारापुढे पुठ्ठ्यावर ओळीने मांडली. असं बाहेर ठेवू नकोस, म्हणाले बाबा. जुन्या पिढीला पद्धतशीर कामाची भीतीच वाटते.

१८ मार्च
गावच्या रेडिओवर बोलले. विषय: वाटून घेण्याची आपली इनुइट रीत मरत चालली आहे. एकही फोन नाही. लोक अंतर्मुख झाले असावेत.

१९ ते २२ मार्च
हिमवादळ. मॅन्युअल पान ६० पर्यंत.

२३ मार्च
बर्फ उपसून पुठ्ठा काढला. नुसता पुठ्ठाच आहे, वरचं सगळं गेलं. लीटिया आत्या म्हणाली, बॉनेट उघडं, भाग बाहेर, म्हणजे मशीन मेलं. लागेल त्याने न्यावं. वादळाआधीच नेलं असेल. “शेंबड्या पोराला कळतं हे. चार वर्षं ओटावात काय शिकलीस गं?”
पर्यावरण, म्हटलं.

२४ मार्च
रेडिओवर सिलासी काकांनी माझे आभार मानले. पट्टा झकास बसला. पोरगी बोलते तशी वागते. मागोमाग शेजारचा जुपी, कार्ब्युरेटरबद्दल. उद्या परत मागायचं. ठामपणे, पण हसून.

२५ मार्च
काकांकडे गेले. त्यांनी सीलचं मांस वाढलं. पुन्हा वाढलं. विषय काढण्यासारखी वेळ नव्हती.

२ एप्रिल
मशीन बर्फावर घसरतं त्या पुढच्या दोन्ही स्कीही गेल्या. नेणाऱ्याने दार वाजवून मला शाबासकी दिली. मी ‘असू दे’ म्हणाले. नाही म्हणायचा सराव करायला हवा.

५ एप्रिल, ईस्टर, सकाळी ९
काका बाबांना न्यायला आले. त्यांनी विचारलं नाही, नुसतं मशीनमागे जोडलेल्या स्लेजवर कातडं अंथरलं. बाबा बसले. मग आत्या, तीन पोरं, पेट्रोलचे डबे. मला जागा उरली नाही. काकांचं मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. बाबा म्हणाले, “तुझा पट्टा दमदार आहे, पोरी.”
सगळे दिसेनासे झाल्यावर माझ्या मशीनच्या सीटवरचा बर्फ झटकला. सीट फाटकी आहे, म्हणून कुणी नेली नाही. बसले थोडा वेळ.