नळाखालचा हात

आई, तुले आणि नानाजीले यवतमाळवरून समीक्षाचा नमस्कार.

मी बरी आहो. जेवणही बरं भेटते. कापूस वेचणीनं तुही पाठ दुखून राह्यली असंन, मलम लावत जाय. पिंटूभाऊ गावी चालला म्हणून त्याच्या हातानं चिठ्ठी पाठवली. फोनवर बोलता येत नाही, बेबीताईची प्रणाली याच खोलीत राह्यते, सारं आयकते.

सरांनी पहिल्याच दिवशी लॅबमध्ये शिकवलं होतं, पाण्यात अ‍ॅसिड टाकायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी नाही. काल प्रणालीनं घाईत उलटं केलं. ते उसळून तिच्या हातावर उडालं. मले काही झालं नाही, खरंच. मी तिले ओढतच नळापाशी नेलं आणि तिचा हात धारेखाली धरून उभी राह्यली.

सर धावत आले. "अ‍ॅसिडमध्ये पाणी कोणी ओतलं?" प्रणालीनं माह्याकडे बोट दाखवलं. मी खरं सांगतलं, पण रडत तं ती होती. आता महिनाभर मले लॅब बंद.

खोलीवर विचारलं, "काहून केलं असं?" तं म्हणे, "तू हुशार आहे, तुले सर माफ करतीन. मले बाबा घरी नेऊन बसवतीन."

बेबीताईले सांगजो, पोरीचा हात बरा आहे, फोडही आला नाही. बाकी काही बोलू नको.

पण आई, सरांनी विचारलं तेव्हा मी तो हात सोडला नव्हता. तिनंच सोडवून घेतला, आणि त्याच ओल्या हातानं माह्याकडे बोट दाखवलं.

तुही,
समीक्षा