बोल्ट घट्ट आहे म्हणे

२७ सप्टेंबर, शनिवार

गाडीनं पार्किंगमध्ये परत तेल गाळलं. खालच्या शांतादेवींनी मला जिन्यातच गाठलं. "वहिनी, तुमच्या गाडीनं फरशीची पार वाट लावली की!" जणू बाटली घेऊन मीच ओतायला जाते!

यांना म्हटलं, गॅरेजला टाका. "गॅरेज कशाला? पुलीमागचं सील गेलंय. मी बदलतो." सगळी नोकरी शिरोलीच्या कारखान्यात झाली, आता निवृत्तीनंतर राजारामपुरीच्या पार्किंगमध्ये दुसरा कारखाना काढलाय.

गुरुवारी दसरा. प्रियदर्शनी माहेरपण आटपून याच गाडीनं सासरी राधानगरीला जाणार. बरोबर चिमुरडी संयोगिता. लेक आणि नात त्या गाडीत बसायच्या आहेत, आणि हे तिचं इंजिन उघडून बसलेत.

२८ सप्टेंबर

पुली म्हणजे इंजिनच्या टोकाचं, पट्टा फिरवणारं चाक. त्याच्या मधोमध एक जाडजूड बोल्ट. तो सुटत नाही. यांनी पान्याला पाइप घातला, त्यावर लोंबकळले, अंबाबाईला हाक मारली, आणि मग अंबाबाईसमोर बोलू नये असंही बरंच बोलले. बोल्ट ढिम्म.

मनात म्हटलं, बरं झालं. आता तरी गॅरेजला जाईल.

२९ सप्टेंबर

अक्षर बघा कसं आलंय!

यांनी युक्ती काढली. पाना बोल्टवर चढवायचा, त्याचा लांब दांडा खालच्या लोखंडावर टेकवायचा. मी आत बसून किल्ली क्षणभर फिरवायची. इंजिन फिरू बघतं, दांडा त्याला अडवतो, बोल्ट सुटतो. पेट्रोलचा फ्यूज काढलाय, गाडी चालू होणार नाही म्हणाले. "आणि दांडा निसटला तर?" "तर उडेल. म्हणून तर मी लांब उभा राहणार."

लांब म्हणजे किती? हातभर! मी किल्ली सोडून बाहेर आले. चांगलं भांडण झालं. शेवटी ते खांबाआड गेले, तेव्हा परत बसले. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी पाठ ताठ ठेवायला शिकवलं होतं, तेवढीच ठेवली. डोळे मिटले. किल्ली फिरवली.

बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज. मला वाटलं, गेले! खांबाआडून आवाज आला— "सुटला की गं!" मी किल्ली काढली आणि थेट वर आले. तोंड उघडलं असतं तर रडले असते.

३० सप्टेंबर

नवं सील बसलं म्हणे. जेवताना यांच्या हातून वाटी दोनदा पडली. दमलेत.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

आज बोल्ट परत आवळायचा. तो वाटेल तसा आवळून चालत नाही; ढिला राहिला तर चालत्या गाडीत पुली निसटते. टॉर्क रेंच लागतो— ठरल्या जोरावर आला की टक्कन वाजणारा पाना. तो शिरोलीत वीरेशकडे. वीरेश यांच्या हाताखाली शिकला, आता स्वतःचं वर्कशॉप आहे. फोन केला तर म्हणतो, "काका, रेंच पूजेत बसलाय. सगळी हत्यारं मांडून हळदकुंकू वाहिलंय. आता उद्या संध्याकाळी सोनं लुटल्याबिगर उचलायचं न्हाई."

मी म्हटलं, लोखंडावर फुलं वाहायची आणि माणसं तशीच रस्त्यावर सोडायची! यांनी मलाच गप्प केलं. "बरोबर हाय त्याचं. मीही आयुष्यभर हेच पाळलंय. आणि रेंच कशाला? किती आवळलं ते हाताला समजतं."

इंजिन फिरू नये म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकली. मी ब्रेक दाबून बसले, हे पाइप लावून ओढत राहिले. "झालं?" "झालं." "नक्की?" "अगं, किती वेळा विचारशील?"

कपाळावर घाम होता. पण चेहरा— कसं लिहू? काम फत्ते झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळ

गेल्या दोघी. मी म्हटलं, एसटीनं जा. प्रियदर्शनी हसली. "आई, बाबांनी आवळलाय म्हटल्यावर झालं. तू कशालाही भितेस." बापाची लेक! संयोगितानं मागच्या काचेतून हात हलवला. मी आत आले आणि पुरणाला लागले. हाताला काहीतरी काम हवं होतं.

त्याच दिवशी, दुपार

हे स्वयंपाकघरात आले. दसरा चौकातल्या गर्दीचं काहीतरी सांगत होते. मध्ये आलेला तवा बाजूला सरकवला. उघड्या हातानं. त्यावरची पोळी मी आत्ताच उतरवली होती! बोलणं थांबलं नाही. कातडीचा वास मला आला, यांना नाही.

मी हात नळाखाली ओढला. "दुखत नाही?" यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "उन्हाळ्यापासनं असंच आहे. बोटं मेल्यागत. शुगर असेल. सांगितलं असतं तर तू मला स्क्रूसुद्धा फिरवू दिला नसतास."

"आणि काल बोल्ट?"

यांनी खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला.

प्रियदर्शनीचा फोन लागेना. लागेना! मेलं ते नेटवर्क! शेवटी लागला. संयोगिताला उलटी झाली म्हणून भोगावतीच्या पुढं रसवंतीपाशी केव्हाच्या थांबल्या होत्या. म्हटलं, गाडी चालू करू नकोस. का ते विचारू नकोस. मग वीरेशला. "काकू, पूजा हाय अजून—" "उचल! फुलांसकट उचल! देवीला काय सांगायचं ते मी सांगते!" मोटारसायकलचा आवाजच ऐकू आला.

संध्याकाळ

वीरेशचा फोन. आवाज बारीक. "काकू, रेंच लावायच्या आधी नुसता हात लावला, तर बोल्ट बोटांनी फिरला की. आता आवळलाय पक्का. ताई निघाल्या फुडं." आणि मग, "काकांना सांगू नका."

हे हाताला मलम लावून दारात उभे होते. नेहरू शर्ट, टोपी, आपट्याची पानं— आणि सोनं द्यायला जायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणाला? बोल्ट?"

लग्न झाल्यापासून या माणसाची एकही चूक मी अशीच जाऊ दिलेली नाही.

"जागचा हलला नाही म्हणाला," मी सांगितलं.