साहेबांसाठी चोळलेला हुरडा

आप्पा, तुमची पुस्तकं मी टाकली नाहीत, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना तुमचा सगळा जीव तिकडेच राहील. पुंडलिकनगरच्या घरात, पुढच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या खणात ती सगळी उभी आहेत. नोकरीत यश कसं मिळवावं, वरिष्ठांचं मन कसं जिंकावं, माणसं कशी जोडावीत, तिशीच्या आत साहेब कसं व्हावं. शहागंजच्या जुन्या पुस्तकवाल्याशी घासाघीस करून आणलेली, सरलेल्या वर्षाच्या कॅलेंडरचं कव्हर घातलेली, त्यामुळे कुणाच्या पाठीवर एकादशी तर कुणाच्या पोटावर संकष्टी. आत तुमच्या लाल पेन्सिलीच्या रेघा. आज रविवार आहे, जेवणं उरकलीत, आणि मी त्या पुस्तकांशी भांडायला बसलेय, म्हणजे तुमच्याशीच. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, मधल्या काळात शहराचं नावसुद्धा बदललं, पण मी तुम्हाला कधी उलटं बोलले नाही. आज बोलणार आहे.

तुम्ही दहावी शिकलेले, कारखान्यातले स्टोअरकीपर. ड्यूटीवरून आलात की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून बसायचात आणि आई भाकरी थापत असताना तिला मोठ्यानं वाचून दाखवायचात. आईला त्यातलं काय कळायचं देव जाणे, पण ती मान हलवायची. वाचलेलं तुम्ही लगेच आचरणातही आणायचात, फक्त आपल्या पद्धतीनं. साहेबांना हसतमुखानं नमस्कार करावा असं कुठंतरी आलं, तर तुम्ही अर्धा तास आधी जाऊन गेटवर उभे. माणसं जोडावीत असं आलं, तर तुम्ही थेट हुरड्यावर पोहोचलात. दर जानेवारीत कारखान्यातले साहेब लोक जीपमध्ये घालून गावाकडच्या शेतात न्यायचे, कोवळी ज्वारी भाजून खाऊ घालायची. आई म्हणाली होती, "पुस्तकात हुरडा लिवलाय व्हय?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "समदंच लिवलेलं नसतं. समजून घ्यायचं असतं." आई पदर आणि मी ओढणी तोंडाला लावून हसलो. तेव्हा हसू येत होतं.

मग मी तेवीस वर्षांची झाले आणि तुमच्याच कारखान्यात क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून लागले. वर्षभरानं साहेबांचा शेरा चांगला आला तर परमनंट, नाहीतर घरी. ब्रेकचे छोटे भाग तपासायचं काम होतं. एका लॉटमध्ये भोक मोठं पडलेलं. मापाचं जे गेज आत जायलाच नको ते सुळकन आत जात होतं. मी तीनदा तपासलं आणि पेटीला रिजेक्टचा लाल टॅग बांधला. साहेब आले, टॅग हातात घेऊन हसले. "मॅडम, केसाएवढा फरक आहे. गाडी गेटवर उभी आहे. रिपोर्टवर ओके लिहा, सही करा." मी म्हणाले, "सर, गेज आत जातंय." ते म्हणाले, "गेज मलाही कळतं." मी सही केली नाही. गाडी रिकामी परत गेली. रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवून, पुढची गाडी सोमवारी आहे, तोवर विचार करा, एवढंच म्हणून ते निघून गेले. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर इतकं मोकळं वाटलं की दोन स्टॉप आधीच उतरून मी घरी चालत आले.

घरी सांगितलं, तर आई म्हणाली, बरं केलंस. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "साहेबाला नाय म्हणलीस?" मी म्हणाले, "चुकीचं होतं ते, आप्पा." "चूक का बरोबर ते साहेब बघतील. वरच्याला तोंडावर नाय म्हणायचं नसतं, बाई. आपल्या भावकीत पोरीला इंजिनेर कुणी केलंय? मी केलं. एका पेटीपायी त्याच्यावर पाणी सोडतीस व्हय?" आणि तुम्ही उठलात, कपाटातून एक पुस्तक काढलंत आणि लाल रेघेवर बोट ठेवून माझ्यापुढं धरलंत. वरिष्ठांशी वाद घालू नये, अशा अर्थाचं काहीतरी होतं. मला ते वाक्य आठवत नाही, तुमचं बोट आठवतं. स्टोअरमधल्या ग्रीसनं कायमचं काळं झालेलं नख.

त्या रविवारी हुरडा ठरलेलाच होता. त्या खेपेला तुम्ही माझ्या साहेबांनाही बोलावलंत, छावणीतल्या त्यांच्या घरी स्वतः जाऊन. बांधावरच्या बाभळीखाली आगटी पेटवली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली. साहेब सतरंजीवर, आणि त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे माझे वडील उकिडवे बसून आगीतून काढलेलं चटकतं कणीस दोन तळव्यांत धरून चोळतायत, फुंकर मारून कोंडा उडवतायत, हिरवे दाणे साहेबांच्या ताटलीत टाकतायत. एक संपलं की दुसरं. आईनं केलेली शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही सगळं त्यांच्यापुढं. मग तुम्ही म्हणालात, "साहेब, पोरगी लहान हाय, शिकतीय आजून. सांभाळून घ्या." साहेब दाणे चघळत म्हणाले, "अहो, घरचीच आहे ती." मी उभी होते. मला त्या शेतात कुठंतरी जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं.

सोमवारी मी सही केली. लॉट गेला. महिन्याभरात तो गिऱ्हाइकाकडून परत आला, आणि मेमो माझ्या नावावर निघाला, कारण रिपोर्टवर सही माझी. साहेबांनी सगळ्यांसमोर मान हलवली. "नीट तपासायला हवं होतं, मॅडम." पुढं मी परमनंट झालेच, तुमचं म्हणणं खरं ठरलं, तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. मेमोचं सांगितलं तेव्हा म्हणालात, "अनुभव आला असं समज." नाही समजले मी, आप्पा. आजही नाही. तुमच्या त्या सगळ्या पुस्तकांत एक तरी पान आहे का, ज्यात लिहिलंय की साहेब चुकीच्या कागदावर सही मागतील तेव्हा काय करावं? आज सकाळी मी सगळी उघडून पाहिली. हात कसा मिळवावा याला आख्खं प्रकरण आहे. बूट कसे असावेत यालाही आहे. मान ताठ ठेवून चालावं असंही लिहिलंय, पण ती कुणापुढं ताठ ठेवावी याबद्दल सगळे लेखक मूग गिळून बसलेत. आणि तुमची लाल पेन्सिल बरोबर तिथंच फिरलीय जिथं वाकायला सांगितलंय.

हे सगळं आजच का, तर सांगते. आता मी दुसऱ्या एका कारखान्यात क्वालिटीची प्रमुख आहे. माझ्या हाताखाली एक ट्रेनी आहे, तालुक्याच्या गावातून रोज बसनं येणारी, बोलायला फटकळ, कामाला चोख. मागच्या आठवड्यात तिनं एका लॉटला लाल टॅग बांधला. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी तिला ओके लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं नाही. आता तिचं वर्ष भरतंय, आणि तिच्या कन्फर्मेशनचा फॉर्म माझ्याकडं आलाय, उद्या सकाळी परत हवा. एचआरमधून फोनही आला: "मॅडम, टीममध्ये मिसळत नाही, एवढं एक वाक्य टाका, पुढचं आम्ही बघतो." हेच एचआर प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी यशस्वी करिअरचं एक पुस्तक भेट देतं. गुळगुळीत कव्हर, चकचकीत कागद. मी चाळलं. आत तुमचीच पुस्तकं आहेत, आप्पा, फक्त वर एकादशी नाही.

मोठ्या साहेबांनी ओके लिहायला सांगितल्यावर ती मुलगी आधी माझ्या केबिनमध्येच आली होती. रिपोर्ट हातात, कपाळावर घाम. आणि माझ्या तोंडातून पहिलं वाक्य काय बाहेर पडलं ठाऊक आहे? "वरच्याला तोंडावर नाय म्हणायचं नसतं, बाई." नाय. मी कारखान्यात कधी नाय म्हणत नाही, नाही म्हणते. शब्द तुमचे, सूर तुमचा, 'बाई'सुद्धा तुमची. मग तिनं रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं. "मग सही तुम्ही करता का, मॅडम?" उर्मटपणा नव्हता त्यात, खरंच विचारत होती. मी पेन घेतलं नाही. उठून तिच्याबरोबर गेले, गेज हातात घेऊन स्वतः तपासलं, आणि तिच्या सहीखाली माझी रिजेक्टची सही केली. लॉट अजून तिथंच पडून आहे.

फॉर्म आत्ता भरून झालाय. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: "चुकीला चूक म्हणते. परमनंट करावं. अशी आणखी दोन माणसं मिळाली तर मला हवीत." मोठ्या साहेबांना हे झोंबणार, आणि माझं स्वतःचं प्रमोशन त्यांच्याच हातात आहे. झोंबू दे. मी कुणाला हुरड्याला बोलावणार नाही. आणि तिच्या वडिलांनाही, ते कोण आहेत मला माहीत नाही, कुणापुढं उकिडवं बसावं लागणार नाही. तुम्हाला हे पटणार नाही, तर राहू दे. हा कागद तुमच्याच एखाद्या पुस्तकाच्या कॅलेंडरच्या कव्हरात सरकवते, तुमचा पत्ता मला कुठं माहीत आहे.

एक मात्र राहिलं. त्या रविवारी सगळे जीपमध्ये जाऊन बसल्यावर तुम्ही आगटीतलं शेवटचं कणीस काढलंत. दिवसभरात तुम्ही स्वतः एक दाणा तोंडात टाकला नव्हता. ते चोळलंत, फुंकलंत आणि ओंजळ माझ्यापुढं धरलीत. तळवे लालबुंद झालेले. "घे बाई, तू काहीच खाल्लं नाय." मी म्हणाले, "नको मला." आणि जीपकडं निघाले. वळून पाहिलं तेव्हा तुम्ही ओंजळ तशीच धरून उभे होता. ती सही तुमच्यामुळं केली, असं मी बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. पण सोमवारी माझ्या टेबलापाशी तुम्ही नव्हता, आप्पा. पेन माझ्याच हातात होतं. नाही म्हणायची जेवढी हिंमत माझ्यात उरली होती, ती मी आदल्या दिवशी तुमच्या ओंजळीपुढं संपवून आले होते.