चार अणू आणि एक थंड नळी

१४ मार्च, दुपार

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. कॉलेजातून निवृत्त झालो खरा, पण ज्योतीवर काच तापवून प्रयोगशाळेच्या नळ्या फुंकणारं दुसरं कुणी नाही, म्हणून अजून बोलावणं येतं.

या खेपेला नळ्या नव्हत्या. अणू आतून कसा असेल, याबद्दल माणसांनी आजवर काय काय कल्पना केल्या, त्याचं प्रदर्शन पदार्थविज्ञानाच्या बाईंनी काढलं. "काका, मला चार अणू फुंकून द्या," म्हणाल्या. जणू चार बरण्याच मागताहेत!

महिनाभर मी त्यातच बुडालो होतो. पहिला अणू भरीव गोळा, न फुटणारा. दोनशे वर्षांपूर्वी एका शाळामास्तरानं तसा मांडला म्हणे. दुसरा कलिंगडासारखा, आत बियांसारखे इलेक्ट्रॉन. मग त्या कलिंगडवाल्याच्याच शिष्यानं सोन्याच्या पातळ पत्र्यावर कणांचा मारा करवला. बहुतेक आरपार गेले, एखादाच उलटा फिरला. म्हणजे अणू जवळजवळ पोकळ आणि मधोमध इवलासा गाभा. तो तिसरा, त्याच्याभोवती मी काचेच्या तारेची कडी बसवली.

चौथ्यानं घाम काढला. इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे हे आता सांगताच येत नाही म्हणे, कुठे असण्याचा संभव किती, एवढंच सांगता येतं. म्हणजे धुकंच. आता धुकं कसं फुंकायचं? शेवटी दुधी काचेचे पातळ थर एकावर एक चढवले. दुपारचं ऊन त्यावर आलं की खोलीत असा उजेड तरंगायचा, की भिंती विरघळल्यासारख्या वाटायच्या. हातातलं काम तसंच राहायचं. तुझी आई दाराशी येऊन उभी आहे असं वाटायचं, आणि मी वळून पाहायचो नाही.

मांडणी करताना मी बाईंना विचारलं, "पहिले तीन चुकीचे ठरले ना? मग ठेवायचे कशाला?"

"ते फेकले तर चौथ्यापर्यंत कसे आलो, हे पोरांना कसं कळणार?"

"आणि तो गुरू? शिष्यानं खोटं पाडल्यावर चिडला नाही?"

"ते मला ठाऊक नाही. पण पुरावा समोर होता, काका. त्याच्याशी भांडून काय होणार?"

माझ्या हातातून गोळा निसटता निसटता राहिला.

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहिलं. आता लिहितोच.

त्या दिवशी हॉस्पिटलातून तुझा फोन आला. "बाबा, आत्ताच्या आत्ता या. आई तुम्हाला विचारतेय." मी म्हणालो, काच ज्योतीवर आहे, अर्धवट सोडली तर तडकेल. तासाभरानं तू स्वतःच धावत न्यायला आलीस. टेबलावरच्या नळीवर हात ठेवलास.

"थंड आहे, बाबा."

आणि मी ओरडलो, "तुला यातलं काय कळतं?"

आपण पोचलो तेव्हा नर्स चादर सारखी करत होती. मला न्यायला आलीस, म्हणून शेवटच्या घटकेला तूही तिच्याजवळ नव्हतीस.

नळी सकाळीच पुरी झाली होती, ठकू. ज्योत बंद होती. मी स्टुलावर नुसता बसून होतो. तिला जाताना बघायची माझी छाती नव्हती. पुढे जो कुणी विचारायचा, त्याला मी तापलेल्या काचेचीच गोष्ट सांगितली, आणि तुला उद्धट म्हणालो. तू येणं बंद केलंस, ते बरोबरच केलंस.

काल प्रदर्शन उघडलं. गर्दी पांगल्यावर मी हे सगळं बाईंना सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगताय? जिनं हात लावून पाहिलं, तिला सांगा."

म्हणून हे पत्र. माफ कर असं लिहायला पेन उचलवत नाही. तो तुझ्यावर आणखी एक जुलूम होईल. तू बरोबर होतीस, एवढं माझ्या अक्षरात तुझ्यापाशी असू दे.

तुझा,
त्या दिवशी घाबरलेला बाप