पिनांचा डबा

आई,

तुझ्या पाया पडून लिहायला बसले. मी मजेत आहे. तुझा खोकला थांबला का गं?

लढाईत या कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरायचे, आता आम्ही कुकर बनवतो. तेव्हा ठिणगी नको म्हणून फाटकावरच बायकांच्या केसांतल्या पिना डब्यात काढून घेत. जुन्या मावशींचा हात अजून सवयीने अंबाड्याकडे जातो आणि आम्ही खिदळतो.

सोमवारी फाटकावर तो डबा पुन्हा ठेवलेला. वॉचमनकाका म्हणाले, "काढा पोरींनो. का, ते मला विचारू नका." कुणीच हसलं नाही.

पगार वाढणार म्हणतात. तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. केस बांधायला सुती रिबिनी तेवढ्या पाठव.

धाकटीच्या नोकरीसाठी इथे शब्द टाकला होता, तो आज मागे घेतला.

तुझीच,
थोरली