शेंदराच्या खुणेचा पत्रा

कलकत्ता, १४ एप्रिल १९५२

ती. सौ. कमलअक्कास, दिनकरचा शि. सा. न. वि. वि.

परवाच्या वादळातून आम्ही सुखरूप आहोत. झाडं आडवी झाली, तारा तुटल्या, रस्तोरस्ती उडालेले पत्रे पडलेत. आमच्या भागाचा राडारोडा उचलण्याची योजना कॉर्पोरेशनातल्या आमच्या साहेबांनी माझ्या गळ्यात घातली आहे. घरात स्वतःचा कप न उचलणारा माणूस गाव काय उचलणार, असं आशा म्हणते.

आशाच्या बाळंतपणात तिला सांभाळणाऱ्या निरुपमादी तुला आठवत असतील. सियालदहजवळची त्यांची झोपडी पडली. सून पोटुशी आहे. त्यांनी पत्रे गोळा करून रस्त्याकडेला रचलेत, वर विटा ठेवल्यात. बांबू मिळाले की पुन्हा उभी करतील.

गेल्या वर्षी तुमच्याकडे वादळ झालं, तेव्हा भावोजींच्या कचेरीनं काय केलं ते कळव.

तुझ्या मायेतला,
दिनकर

नागपूर, २१ एप्रिल

चि. दिनकर यास अनेक आशीर्वाद.

आशाला सांग, हा लहानपणी अंथरुणसुद्धा उचलत नसे. इथे पत्रे पडून राहिले आणि चोरांनी गाड्या भरभरून नेले. ह्यांचं म्हणणं, आधी पत्रेच उचल, आवारात कुलपात ठेव, आणि घरपट्टीची पावती दाखवील त्यालाच परत दे. मलाही ते पटतं. निरुपमादींच्या सुनेसाठी लुगडं पाठवते आहे.

तुझी,
अक्का

कलकत्ता, ९ मे

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

भावोजींचं म्हणणं योजनेत जसंच्या तसं घातलं. साहेब खूश झाले. पहिल्याच दिवशी लॉरी निरुपमादींचे पत्रे घेऊन गेली. त्या पाण्याला गेल्या होत्या. वीट ठेवली की जागा आपली, हे नळाच्या रांगेत आपण सगळेच पाळतो. वीट ठेवलेले पत्रे सोडावेत, हे योजनेत मी लिहिलं नाही. आणि पूर्व बंगालातून नेसत्या वस्त्रानिशी आलेल्या बाईकडे घरपट्टीची पावती कुठून असणार, हेही मला सुचलं नाही.

त्यांना घेऊन आवारात गेलो. दाराचा पत्रा त्यांनी लगेच ओळखला. झोपडी बांधली तेव्हा आशानंच त्यावर तेलात शेंदूर कालवून स्वस्तिक काढलं होतं. कारकुनानं पावती मागितली. मी चिडलो, तर त्यानं नियमाखालची माझीच सही दाखवली. साहेब म्हणाले, एकीला दिलं तर उद्या सगळं सियालदह फाटकाशी येईल. बाजारात परवान्याशिवाय नवा पत्रा मिळत नाही. निरुपमादी एवढंच म्हणाल्या, की तुम्हालाही नोकरी आहे. फार लाज वाटली गं.

दिनकर

नागपूर, १६ मे

चि. दिनकर यास आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. नियम बरोबरच आहे, असं म्हणाले, पण संध्याकाळी फिरायला काही गेले नाहीत. मला तुझ्यावर रागावताही येत नाही, होकार मीच भरला होता. पावसाच्या आत काहीतरी कर रे. काय करावं, ते मात्र मला विचारू नकोस. लुगडं राहून गेलं होतं, ते काल टपालात टाकलं.

अक्का

कलकत्ता, २४ जून

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

लुगडं पोचलं. द्यायला गेलो तर जागा रिकामी होती. कुणी म्हणालं नदीकाठच्या बजबज गावाला गेल्या, कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. रविवारी आशा आणि मी बजबजला जाऊन हिंडून आलो. पत्ता लागला नाही.

योजना वेळेत पुरी झाली. पावती घेऊन फारसं कुणी आलं नाही, म्हणून उरलेल्या पत्र्यांची लॉऱ्यांसाठी शेड बांधली. काल साहेबांनी नारळ फोडला. तेवढ्यात पाऊस आला आणि आम्ही सगळे आत शिरलो. वर पाहिलं, तर माझ्या डोक्यावर आशानं काढलेलं स्वस्तिक होतं. मी अगदी कोरडा होतो.

आशाला अजून सांगितलेलं नाही. लुगड्याचं काय करू, ते कळव. माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझा,
दिनकर