बारा डब्यांच्या तळाची भोकं

बाबा, काल मी तात्यापारा मोहल्ल्यात काचा कापून घ्यायला गेले होते. तोच फ्रेमवाला, तेच दुकान, फक्त गल्ल्यावर आता त्याचा मुलगा बसतो. बारा काचा, एकाच मापाच्या, असं सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, "फोटो कौन से लगाने हैं दीदी?" मी म्हटलं, फोटो नाही, तेलाच्या डब्यांना लावायच्या आहेत, लाइटसाठी. तो बघतच राहिला. आतून त्याच्या म्हाताऱ्या वडिलांचा आवाज आला, "कोने घिस के देना. उनके यहाँ कोने घिसवा के ले जाते हैं." मी समोर दिसतही नव्हते त्यांना. नुसत्या मापावरून त्यांनी तुम्हाला ओळखलं. नऊ वर्षांनी. काचेचे कोपरे टोकदार राहिले तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली जाते, हे तुम्ही त्यांना कधीतरी सांगितलं असेल. मी मान खाली घालून पैसे दिले आणि काचा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणल्या.

विहाराच्या कमिटीने यंदा जयंतीच्या लाइटचं काम मला दिलं आहे. मधली सगळी वर्षं टेंट हाऊसवाल्याचे लाइट यायचे. आता ते महाग पडतात, आणि पोरीने इतकं शिकून काय केलं हेही लोकांना बघायचं असेल. सचिव काका, तेच, रेल्वेतून रिटायर झालेले, तुमच्या मागे शिडी घेऊन फिरणारे, मागच्या आठवड्यात घरी आले. आईने चहा ठेवला. काका खुर्चीत बसून म्हणाले, "डबे तुह्या बापासारखेच बनव. मजबूत. पण एक सांगतो बेटा, बापासारखी भोकं पाडाले भुलू नको." आणि हसले. वाईट मनाने नाही. आपल्या वस्तीत ती आता म्हणच झाली आहे. कोणी गॅस बंद करायला विसरलं, कोणी शाळेचा फॉर्म भरायला विसरलं, की म्हणतात, "याचंही भोक राहिलं." तुम्हाला हे माहीत नसेल. तुम्ही असताना लोक नुसतं चिडवायचे, म्हण नंतर झाली. काका माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "हव काका."

तुमचे डबे कसे असायचे ते मला आता डोळे मिटूनही सांगता येईल. पाच लिटरचा तेलाचा चौकोनी डबा, एक बाजू कापून तिचे काठ आत वळवलेले. त्या काठावर ट्यूबची पट्टी, पट्टीवर काच, काचेवर पत्र्याची चौकट. आत भंगारातून आणलेली अॅल्युमिनियमची पट्टी आणि तिच्यावर तुम्ही स्वतः डाग दिलेले एलईडी, एक ओळ निळी, एक ओळ पांढरी. उरल्याच्या कारखान्यातून शिफ्ट करून आला की तुमच्या केसांतून, कानांतून लोखंडाची काळी धूळ निघायची. अंघोळ झाली की स्वयंपाकघरातच, आईच्या ओट्याखाली, तुम्ही मांडी घालून बसायचा, कारण तिथला प्लग एकटाच भरवशाचा होता. आई म्हणायची, "माह्या फोडणीत तुमचा डाग उडते." आणि तुम्ही म्हणायचा, "मंग फोडणीले चव येते ना." वायर डब्यात शिरण्याआधी तुम्ही ती खाली झुकवून मग वर न्यायचा, म्हणजे तिच्यावरून वाहणारं पाणी आत न जाता त्या वाकावरून गळून पडतं. त्याला तुम्ही "वायरीले पोट द्या लागते" म्हणायचा. आणि सगळ्यात शेवटी तीन मिलीमीटरचं ड्रिल घेऊन डब्याच्या तळाला, जो कोपरा टांगल्यावर सगळ्यात खाली येईल तिथे, दोन भोकं.

त्या भोकांवरून मी तुमच्याशी भांडले होते. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या सेमिस्टरला होते. आपल्या घरात, आईच्या माहेरी किंवा तुमच्या नात्यात, तोवर कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मला प्रत्येक गोष्टीत काहीतरी सुधारायचं होतं. बाहेर लावायच्या दिव्याचं आवरण पूर्ण बंद हवं, असं मी पुस्तकात नुकतंच वाचलं होतं. मी तुम्हाला म्हटलं, बाबा, पाणी येऊ नये म्हणून एवढी काच, एवढी ट्यूब, आणि मग खाली भोक पाडता? काका समोरच बसले होते. तुम्ही ड्रिल थांबवलं नाही. "तुह्या कॉलेजात पाऊस पडते काय पोट्टी?" काका खो खो हसले. मग तुम्ही जरा मऊ आवाजात म्हणालात, "पाणी कोठून ना कोठून घुसतेच. दिवा तापते, थंडा होते, तवा ओली हवा आत वढते. त्याले निघाले जागा ठेवा लागते." मी ऐकलं नाही. मला फक्त काकांचं हसणं ऐकू येत होतं.

डब्यांना निळा रंग द्यायचं काम दरवर्षी माझं. जयंतीच्या चार दिवस आधी तुम्ही डबल शिफ्टला होता, आणि मी अंगणात बारा डबे उलटे मांडून बसले होते. दुकानातून गळती बुजवायची दोन रंगांची पुट्टी आणली, कणकेसारखी मळली, आणि चोवीस भोकं एकेक करून बुजवली. बोटाने सपाट केली. वरून निळा रंग. माझ्या मनात खोडसाळपणा नव्हता बाबा, हे मला आज तरी लिहू द्या. मला वाटत होतं, जयंती पार पडेल, एक थेंबही आत जाणार नाही, आणि मग मी तुम्हाला दाखवीन. तुम्ही म्हणाल, पोरगी शिकली. तुम्ही संध्याकाळच्या उजेडात डबे टांगलेत. रंग चांगला बसला आहे, एवढंच म्हणालात.

मग दोन दिवस अवकाळी पाऊस आला. वारा, गारा, आडवं पाणी. जयंतीच्या दिवशी दुपारी उघडलं. तुम्ही उरल्याहून थेट विहारात आलात, कपडेही बदलले नव्हते. मिरवणूक कोपऱ्यावर आली, ढोल ऐकू यायला लागला, बायका पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या नव्या पांढऱ्या साड्या नेसून दोन्ही बाजूंना उभ्या होत्या, आणि काका ओरडले, "लाव!" तुम्ही स्विच दाबला. विहार निळं झालं. माझ्या आठवणीत ते निळं अजून तसंच आहे, पाच-सात सेकंदांचं. मग फट् आवाज झाला, मेन पडली आणि सगळे दिवे गेले. तुम्ही ती परत चढवलीत, परत पडली. मिरवणूक अंधारात दारापाशी आली. ढोल थांबला. कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावली, मग बऱ्याच जणांनी लावल्या, आणि त्या उजेडात पहिल्यांदा मूर्तीला हार घातला गेला.

मी शिडी धरली होती. तुम्ही वर चढून पहिला डबा उघडलात आणि वाटीभर पाणी तुमच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं. तुम्ही दुसरा उघडलात. मग डब्याखाली हात नेऊन तळाशी चाचपडलात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने रंग खरवडलात. पांढरी पुट्टी निघाली. ते टोक तिथेच थांबलं, आणि तुम्ही खाली माझ्याकडे पाहिलंत. तुम्ही म्हणालात, "शिडी नीट धर." एवढंच.

खाली उतरलात तेव्हा कमिटीचे सगळे गोळा झाले होते. काकांनी विचारलं, "काय झालं गा?" आणि तुम्ही हात पुसत म्हणालात, "भोकं पाडायची राहिली माह्याकडून." मी तुमच्यापासून दोन हातांवर उभी होते. ज्या माणसाने अठरा वर्षांत एकदाही भोक पाडायचं सोडलं नव्हतं, तो वस्तीसमोर असं म्हणाला, आणि सगळ्यांनी ते लगेच मानलं. मला सगळ्यात जास्त तेच लागलं, की किती लवकर मानलं. कोणीतरी म्हणालं, डबल शिफ्ट करते, थकला असन. घरी आल्यावर आई तुम्हाला ताट वाढताना बोलत होती, "तुमचं ध्यान कोठी राह्यते? एका कामाचं नाव होतं आपलं, तेही घालवलं." तुम्ही जेवत होता. भाजी परत मागून घेतलीत. मी पाण्याचा तांब्या भरून तुमच्या शेजारी ठेवला आणि वाट बघत राहिले, की तुम्ही मला काही बोलाल, रागवाल, एक थप्पड माराल, आणि मग मला रडून सगळं सांगता येईल. तुम्ही तांब्यातलं पाणी प्यायलात आणि हात धुवायला उठलात. आठवड्याने माझं प्रॅक्टिकल होतं. लॅबमध्ये कंपास उघडला तर आत वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली तुमची तीन मिलीमीटरची ड्रिल बिट. ती भेट होती की बोलणी, हे मी तुम्हाला विचारलं नाही.

पुढच्या वर्षी टेंट हाऊसचे लाइट आले. तुम्ही जयंतीला गेलात, मागच्या ओळीत बसलात. कोणी चिडवलं तर म्हणायचा, "आता नजर कमी झाली माही." तुमची नजर कमी झाली नव्हती. सुईत दोरा तुम्हीच ओवून द्यायचा आईला. त्यानंतरच्या पावसाळ्यात प्लांटमधून फोन आला. छातीत दुखलं, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं, असं तुमच्या सोबतच्या माणसाने सांगितलं. मी तेव्हा पाचव्या सेमिस्टरला होते. सांगण्यासाठी मला पूर्ण सव्वा वर्ष मिळालं होतं बाबा. रोज संध्याकाळी तुम्ही समोर बसलेले असायचा. मी ठरवलं होतं, डिग्री हातात आली की सांगीन. तोवर माझी चूक शिकताना झालेली चूक ठरेल, असा माझा हिशेब होता.

डिग्री आली. आता मी मुलींच्या एका आयटीआयमध्ये शिकवते. तिथे मी भिंतीवर स्वतः लिहून लावलं आहे, चूक झाली की आधी वहीत लिहा, मग दुरुस्त करा. मुली खेड्यांतून येतात, कोणाचे वडील रोजीला जातात, कोणाचे नाहीतच. मला खरंच वाटतं की यातली एकेक पोरगी घरचं चित्र बदलेल, आणि त्यासाठी मी जीव तोडून शिकवते. दरवर्षी मी त्यांच्याकडून तेलाच्या डब्याचा दिवा करून घेते. दरवर्षी एखादी विचारतेच, "मैडम, छेद करेंगे तो पानी अंदर नहीं आएगा?" मी खूश होते. मग मी त्यांना सांगते, की एक जुने कारागीर होते, खूप हुशार, पण एका वर्षी ते भोक पाडायला विसरले आणि भर मिरवणुकीत अंधार झाला. मुली ते वहीत लिहून घेतात. काकांनी तुमचं नाव वस्तीत पसरवलं. मी ते या मुलींच्या वह्यांतून पार सिरपूर-कवर्ध्याच्या खेड्यांपर्यंत पोचवलं आहे.

म्हणून ठरवलं होतं, या रविवारी, म्हणजे आज, वंदनेनंतर उभं राहायचं आणि सांगायचं. काल रात्रीपासून वाक्य तयार होतं. बाबा विसरले नव्हते, ती भोकं मी बुजवली होती. इतकं सोपं. विहारात गेले, पांढरी साडी नेसून, आईच्या शेजारी बसले. पंचशील सुरू झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी लहानपणापासून ते मोठ्याने म्हणते, आजही म्हटलं, आणि माझा आवाज सगळ्यांत मिसळून गेला, काही अडखळला नाही. वंदना संपली. मी उभी राहिले. काका म्हणाले, "बोल बेटा, लाइटचं काही हाय का?" सगळे वळून बघत होते, आणि आईचा चेहरा वर झाला होता, अभिमानाने. मी म्हटलं, "शिडी लागन काका. आपली जुनी शिडी हाय का?"

शिडी आता अंगणात भिंतीला टेकून आहे. बारा डबे तयार आहेत, वायरींना पोट दिलं आहे, आणि तुमच्याच बिटने आज दुपारी चोवीस भोकं पाडली. हे सगळं मी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून लिहिते आहे, जिथे तुम्ही बसायचा. आत्ताच आई येऊन वाकून बघून गेली. "काय लिहून राहिली व एवढं?" मी म्हटलं, सामानाची यादी. तिने कागदावरून नजर फिरवली, माझं अक्षर कसं एका ओळीत आलं आहे ते पाहून हसली, आणि मसाल्याचा डबा घेऊन गेली. तिला वाचता येत नाही बाबा. म्हणून कागद मी झाकलासुद्धा नाही.